नाशिकहून थायलंडला नोकरीला निघालात? मग हे आधी वाचा

दर महिना-दोन महिन्यांनी मला सातपूर नाहीतर अंबडमधून कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, "दादा, चोनबुरीला ऑफर आलीय, जाऊ का?" आणि मग अर्धा-पाऊण तास मी तेच तेच सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं. मी स्वतः सहा वर्षं तिकडं होतो, बँकॉकजवळच्या चोनबुरी प्रांतातल्या अमता सिटी नावाच्या मोठ्या इंडस्ट्रियल एरियात, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला. बायको आणि पोरगी नंतर आल्या. देश चांगला आहे, माणसं चांगली आहेत, पैसे मागं पडतात. पण आपली माणसं तिथं अडकतात ती अगदी बारीक बारीक गोष्टींवरून. मुद्दाम कुणी नियम मोडत नाही हो, नियम आहे हेच माहीत नसतं, आणि समोरचा थाई माणूस कायम हसतमुख असतो त्यामुळं आपल्याला वाटतं सगळं ठीक चाललंय. पण त्या हसणाऱ्या माणसाच्या हातात तुमच्या पासपोर्टवरची तारीख बदलायचा अधिकार नसतो.

निघायच्या आधी

सगळ्यात आधी जीवावरची गोष्ट. एजंट म्हणाला "आत्ता टुरिस्ट म्हणून जा, तिकडं गेल्यावर वर्क परमिट करू", तर तिथंच फोन ठेवा. टुरिस्ट म्हणून जाऊन काम करणं बेकायदा आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे डेटा एंट्री, कस्टमर सपोर्ट, डिजिटल मार्केटिंग असल्या नावाखाली बँकॉकला बोलावून पोरांना माए सोत या सीमेवरच्या गावातून म्यानमारच्या म्यावाडीत नेलं जातं, तिथं ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून ठेवतात. २०२५ मध्ये आपल्या सरकारला हवाई दलाची विमानं पाठवून शेकडो भारतीयांना माए सोतहून परत आणावं लागलं. बँकॉकच्या ऑफिसची नोकरी आणि विमानतळावरून गाडी सहा-सात तास उत्तरेला, असं काही दिसलं तर गाडीत बसूच नका.

खरी नोकरी असेल तर कंपनी तुम्हाला पेपर पाठवते आणि तुम्ही नॉन-इमिग्रंट बी व्हिसा काढता. १ जानेवारी २०२५ पासून अर्ज ऑनलाइन ई-व्हिसाने होतो. एजंटमार्फत जात असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे रजिस्टर आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) लिहिलेलं असतं, थायलंड त्या ईसीआर देशांच्या यादीत आहे, म्हणजे नोकरीला जाताना आपल्या सरकारचा एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. आयटीआयला दहावीच्या आधी गेलेली बरीच पोरं एअरपोर्टवरून परत आलीयत यामुळं.

पगाराचं पण बघून घ्या. आपल्या भारतीयांना तिथं कामावर राहायची मुदत वर्षभर वाढवून मिळायची तर साधारण महिना ३५,००० बाट पगार दाखवावा लागतो, त्यापेक्षा कमी लिहिलेली ऑफर असेल तर "पुढं मुदतवाढ कशी करणार" हे कंपनीला सरळ विचारा. डिग्री, अनुभवाची सर्टिफिकेटं यावर कुठला शिक्का, कुठलं अटेस्टेशन पाहिजे तेही त्यांच्याकडून लेखी घ्या, कारण युनिव्हर्सिटी, मंत्रालय असे हेलपाटे नाशिकला असतानाच झालेले बरे, तिकडून भावाला पळवत बसावं लागतं. आणि पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, लायसन्सवर टू-व्हीलर आणि फोर-व्हीलर दोन्ही असेल तर परमिटवरही दोन्ही येतंय ना बघा, ते पुढं लागणार आहे.

थायलंडला पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं. १ मे २०२५ पासून हे सगळ्या परदेशी लोकांना सक्तीचं झालंय. ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की ती खोटी समजा.

व्हिसाची तारीख नाही, शिक्क्याची तारीख

इथं सगळ्यात जास्त लोक चुकतात म्हणून जरा सावकाश सांगतो. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावर पासपोर्टवर मारलेला शिक्का ठरवतो, त्यावर एक तारीख असते, तीच खरी. नॉन-बी वर आलात तर सहसा ९० दिवसांचा शिक्का मिळतो. त्या ९० दिवसांत वर्क परमिट काढून, इमिग्रेशन ऑफिसला जाऊन मुदतवाढ घ्यायची, अर्ज टीएम ७, फी १,९०० बाट, मग वर्षभराचा शिक्का मिळतो. कंपनीची एचआर करते हे सगळं, पण तारीख तुम्ही स्वतः मोबाइलमध्ये महिनाभर आधीची लावून ठेवा, कारण चूक एचआरची झाली तरी पासपोर्ट तुमचा असतो.

तारीख उलटली तर दिवसाला ५०० बाट दंड, जास्तीत जास्त २०,००० बाट. हे ऐकून काही जण म्हणतात "जाताना विमानतळावर भरून टाकू". असं अजिबात करू नका. ९० दिवसांच्या वर राहून स्वतःहून निघालात तरी एक वर्ष प्रवेशबंदी, वर्षाच्या वर असेल तर तीन वर्षं, आणि त्याआधी रस्त्यात पोलिसांनी पकडलं तर एका दिवसाच्या ओव्हरस्टेलाही पाच वर्षांची बंदी बसू शकते, वर डिटेन्शन सेंटरमधला मुक्काम वेगळा.

पत्ता कळवणं: टीएम ३० आणि टीएम ४७

आता दोन नंबर पाठ करा, टीएम ३० आणि टीएम ४७. दोन्ही १९७९ च्या इमिग्रेशन कायद्यातले.

टीएम ३० म्हणजे परदेशी माणूस घरात राहायला आला की चोवीस तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं. जबाबदारी मालकाची, पण नुकसान तुमचं. माझंच सांगतो. पहिल्या वर्षी मी बांग साएनजवळ एक छोटा कॉन्डो घेतला होता, मालकीणबाई फार प्रेमळ, दर महिन्याला आंबे आणून द्यायची, पण तिने टीएम ३० भरलंच नव्हतं, तिला ते माहीतच नव्हतं बहुतेक. मुदतवाढीच्या वेळी इमिग्रेशनच्या काउंटरवर बाईने फाइल परत केली, म्हणाली आधी पत्त्याची नोंद आणा. शिक्का संपायला चार दिवस. त्या चार दिवसांत मालकीणबाईला शोधणं (ती कांचनाबुरीला बहिणीकडं गेली होती), तिच्या घराच्या नोंदणीच्या निळ्या पुस्तकाची आणि आयडीची कॉपी मिळवणं, दंड भरणं, सगळं झालं, पण मला तीन रात्री झोप नव्हती. तेव्हापासून माझा सल्ला एकच, घर बघायला जाल तेव्हा भाडं विचारायच्या आधी विचारा, "टीएम ३० भरणार का?" नाही म्हणाला किंवा टाळाटाळ केली तर दुसरं घर बघा. भरल्यावर जी पावती मिळते तिचा फोटो काढा, प्रिंट काढून पासपोर्टमध्ये ठेवा.

परदेशातून परत आल्यावर, किंवा चार दिवस दुसऱ्या प्रांतात राहून आल्यावर त्याच पत्त्याची नोंद पुन्हा करायची की नाही यावर प्रत्येक इमिग्रेशन ऑफिसची पद्धत थोडी वेगळी असते. तुमच्या भागातल्या ऑफिसला एकदा जाऊन विचारा आणि तसंच करा, मित्राच्या ऑफिसात काय चालतं त्यावर जाऊ नका.

टीएम ४७ म्हणजे नव्वद दिवसांचा रिपोर्ट. सलग ९० दिवस देशात राहिलात की "मी अजून याच पत्त्यावर आहे" हे तुम्ही स्वतः कळवायचं. तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत करता येतो, फी नाही. त्यानंतर गेलात तर २,००० बाट दंड. पहिला रिपोर्ट बहुतेक ठिकाणी स्वतः जाऊनच करावा लागतो, पुढचे ऑनलाइन होतात. मधे देशाबाहेर जाऊन आलात तर मोजणी परत एक पासून. आणि बघा, हा रिपोर्ट म्हणजे मुदतवाढ नाही! आमच्याकडचा एक पोरगा नियमित रिपोर्ट करायचा, पावतीवर पुढची तारीख छापलेली असते तीच राहायची मुदत आहे असं समजत बसला आणि शिक्क्याची तारीख निघून गेली. सुदैवाने दोनच दिवस.

नाशिकला सुट्टीला येताना

आई आजारी, बहिणीचं लग्न, नाहीतर आता २०२७ ला सिंहस्थ येतोय, घरचे म्हणणारच ये म्हणून. तिकीट काढायच्या आधी री-एंट्री परमिट काढा. वर्षभराची मुदतवाढ हातात आहे म्हणून तुम्ही निवांत विमानात बसलात तर तुम्ही देश सोडता त्या क्षणी ती मुदतवाढ रद्द होते, परत नवीन नॉन-बी पासून सगळं सुरू. अर्ज टीएम ८, एकदाच जायचं असेल तर १,००० बाट, वर्षातून कितीही वेळा तर ३,८०० बाट. घरी म्हातारं माणूस असेल तर मल्टिपलच काढून ठेवा, रात्री दोनला फोन आला तर इमिग्रेशन ऑफिस उघडं नसतं. सुवर्णभूमी विमानतळावरही काउंटर आहे पण गर्दीच्या दिवशी त्या भरवशावर राहू नका.

वर्क परमिट आणि घरचा डबा

वर्क परमिटवर कंपनीचं नाव, काम, जागा लिहिलेली असते. पूर्वी निळं पुस्तक असायचं, आता डिजिटल होत चाललंय. त्यात लिहिलेल्यापेक्षा वेगळं काम, मग ते रविवारी मित्राच्या हॉटेलात काउंटरवर बसणं का असेना, काम ते कामच, पैसे घेतले नाहीत म्हणून सूट मिळत नाही. परमिटशिवाय काम केलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि देशाबाहेर रवानगी. काही कामं तर परदेशी माणसाला परमिट काढूनही करता येत नाहीत, केस कापणं, टुरिस्ट गाइडचं काम, थाई मसाज, अशी यादीच आहे. आपली बरीच पोरं नाशिकहून आलेल्या ग्रुपला पटाया फिरवून दोन पैसे कमावतात, ते थेट या यादीत बसतं, आणि तिथले गाइड स्वतःच पोलिसांना फोन करतात.

आता वहिनींचं. डिपेंडंट म्हणून नॉन-ओ वर आलेल्या बायकोला काम करायला परवानगी नाही. आपल्या बायका हाताने खमंग, शेजारच्या बॅचलर पोरांना पोळी-भाजी दिली की पुढच्या महिन्यात दहा डबे होतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मेन्यू फिरायला लागतो, दिवाळीला चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी. मला हे लिहिताना वाईट वाटतं कारण माझ्या बायकोने पण हे सुरू केलं होतं आणि तिला त्यात खूप आनंद मिळत होता, एकटीला दिवसभर घर खायला उठतं. पण पैसे घेऊन डबा देणं हे परमिटशिवाय काम आहे, आम्ही बंद केलं. करायचंच असेल तर एखाद्या भारतीय हॉटेलने तिला रीतसर नोकरी दिली, व्हिसा बी मध्ये बदलला, परमिट काढलं तर करता येतं. कष्टाचं आहे पण होतं, आमच्या ओळखीत दोघींचं झालं.

घर आणि रोजचं जगणं

घर घेताना सहसा दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं भाडं आगाऊ. चावी घ्यायच्या दिवशी प्रत्येक भिंत, गादी, एसी, बाथरूमच्या नळाचा व्हिडिओ काढून मालकाला लाइन अ‍ॅपवर पाठवून द्या (थाई माणसं व्हॉट्सअ‍ॅप फारसं वापरत नाहीत, त्यांचं सगळं लाइनवर चालतं), डिपॉझिट परत घेताना हाच व्हिडिओ कामाला येतो. लाइटचं बिल सरकारी दराने की मालकाच्या दराने हे करारात बघा. बँकॉक आणि लगतच्या नोन्थाबुरी, समुत प्राकानला एमईए, बाकी देशात पीईए वीज देते, त्यांचं बिल थेट तुमच्या हातात येत असेल तर उत्तम, अपार्टमेंटवाला स्वतः युनिटचा रेट लावत असेल तर तो बराच जास्त असतो आणि एप्रिलमध्ये एसी रात्रभर चालतो तेव्हा कळतं. आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथं बसत नाही, मिक्सर नेत असाल तर चांगला अ‍ॅडॉप्टर न्या. प्यायचं पाणी गल्लीतल्या मशीनवर नाणं टाकून भरतात, लिटरला बाटभर, सगळेच भरतात. बिलं सेव्हन इलेव्हनमध्ये भरता येतात.

आणि स्वतःचं घर किंवा खोली टुरिस्ट लोकांना दोन-चार दिवसांसाठी भाड्याने द्यायचा विचार डोक्यात येऊ देऊ नका, ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीचं भाडं हॉटेल लायसन्सशिवाय चालत नाही.

साल बघून गोंधळायचं नाही. ते बुद्धवर्ष लावतात, आपल्या इंग्रजी सालात ५४३ मिळवायचे, २०२६ म्हणजे २५६९. दुधाच्या पिशवीवर "६९" दिसलं तर ते हेच. आपल्याला शकाची सवय आहे त्यामुळं अवघड जात नाही, पण फॉर्मवर जन्मतारीख लिहिताना कुठलं साल मागतायत ते दर वेळी विचारा.

बँक खातं वर्क परमिट असलं की सहज उघडतं, मग क्यूआरवर सगळं चालतं, भाजीवालीसुद्धा क्यूआर लावून बसते. नाशिकच्या बँकेत मात्र जाऊन खातं एनआरओ करून घ्या, लोक वर्षानुवर्षं करत नाहीत आणि नंतर घर विकताना अडकतात. आणि जुना भारतातला मोबाइल नंबर रिचार्ज करून जिवंत ठेवा, सगळे ओटीपी त्याच्यावर.

टॅक्स थोडक्यात. वर्षात १८० दिवस राहिलात की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट. पगारातून कंपनी कापते, रिटर्न मार्चअखेरपर्यंत भरायचं. १ जानेवारी २०२४ पासून परदेशातली कमाई थायलंडमध्ये आणली तर तीही धरली जाते, म्हणजे नाशिकच्या फ्लॅटचं भाडं तिकडं मागवत असाल तर आधी सीएला विचारा, भारत-थायलंडमध्ये दुहेरी कराचा करार आहे, त्याचा फायदा घेता येतो. सोशल सिक्युरिटीचे ५ टक्के पगारातून जातात, त्याबदल्यात एक हॉस्पिटल निवडायचं असतं, घराजवळचं निवडा, कंपनीजवळचं नको, आजारी माणूस घरीच असतो. बायको-मुलांना ते लागू नाही, त्यांचा वेगळा इन्शुरन्स काढा.

आपल्याला साध्या वाटणाऱ्या पण तिथं गुन्हा असलेल्या गोष्टी

दिवाळीत पत्ते. १९३५ च्या पत्त्यांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२० पेक्षा जास्त पत्ते जवळ ठेवणं गुन्हा आहे. खरं सांगतोय. २०१६ मध्ये पटायात ब्रिज खेळणाऱ्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी उचललं होतं, बहुतेक सगळे म्हातारे, पैसे लावत नव्हते तरी. रमीला तीन कॅट काढले की १५६ पत्ते झाले. तीन पत्ती पैसे लावून खेळणं तर जुगाराच्या कायद्यात सरळच येतं, घरात खेळलं तरी. लक्ष्मीपूजनाला कॅरम लावा, हाउजीसुद्धा नको.

ई-सिगारेट, व्हेप नेऊच नका. २०१४ पासून आयात बंद, २०१५ पासून विक्री बंद, आणि नुसती जवळ सापडली तरी कस्टमच्या कायद्याने केस होऊ शकते. बाजारात उघड विकत असतात म्हणून चालतं असं नाही.

गांजा. २०२२ मध्ये मोकळा झाला, जून २०२५ मध्ये परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आला. तुम्ही त्या दुकानाकडं बघूही नका, आणि नाशिकला येताना कुणाचंही पार्सल, कुणाचीही बॅग घेऊ नका. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या बॅगांमध्ये गांजा पकडल्याच्या बातम्या किती येतात बघा. "मावशीला खाऊ दे" म्हणून दिलेलं पाकीटसुद्धा समोर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका, कुणाला राग आला तर येऊ दे.

राजा. कलम ११२ खाली राजा, राणी, वारस यांच्याबद्दल अपमानकारक बोलणं-लिहिणं याला प्रत्येक वेळेमागं ३ ते १५ वर्षं शिक्षा आहे, फेसबुकवरची शेअरसुद्धा त्यात येते. चर्चाच करू नका, मराठीतही नको. नोटेवर राजाचा फोटो असतो, पडलेली नोट उडू नये म्हणून पाय ठेवायची आपली सवय असते, ती सोडा. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनवर, बागेत राष्ट्रगीत लागतं, सगळे थांबतात, तुम्हीही थांबा. थिएटरात सिनेमाआधी राजाचं गीत लागतं तेव्हा उभं राहायचं.

दारू २० वर्षांखाली नाही. दुकानातल्या विक्रीचे तास ठरलेले आहेत, दुपारी २ ते ५ ची बंदी १९७२ पासून होती, तिच्यात अलीकडे सवलती येतायत, त्यामुळं दुकानाच्या काउंटरवरची पाटी बघून चाला. बौद्ध सणांना ड्राय डे असतो आणि तो ओळखायला आपलं कॅलेंडर बऱ्यापैकी चालतं. माघी पौर्णिमा म्हणजे त्यांची माखा बुचा, बुद्ध पौर्णिमा म्हणजे विसाखा बुचा, गुरुपौर्णिमा म्हणजे आसान्हा बुचा आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा चातुर्मास सुरू, भिक्खू एकाच विहारात राहतात, तो संपतो कोजागिरीच्या आसपास. अधिक महिन्याने फरक पडतो, जसं २०२६ ला आपली बुद्ध पौर्णिमा १ मे ला आणि त्यांची विसाखा ३१ मे ला, म्हणून तारीख थाई कॅलेंडरवरूनच पक्की करायची. त्रिपुरी पौर्णिमेला आपण रामकुंडावर दिवे सोडतो ना, त्याच सुमारास ते लोय क्राथोंगला केळीच्या खोडाच्या चकतीवर दिवा, फुलं ठेवून पाण्यात सोडतात. पहिल्या वर्षी तो दिवा सोडताना पोरगी म्हणाली "बाबा, गोदावरी इथं पण येते?" मला उत्तर देता आलं नाही.

रीतभात आणि खाणं

डोक्याला हात लावायचा नाही, लहान पोराच्याही नाही. पाय कुणाकडं, देवाकडं करून बसायचं नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. बायकांनी भिक्खूंना स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर समोर ठेवायचं. घरात, काही दुकानांतही चपला बाहेर. हात जोडून "सवात्दी ख्रप", बायकांनी "सवात्दी खा", हा शब्द आपल्या "स्वस्ति"वरूनच आलाय. कामावर आवाज चढवू नका, ही आपल्या शॉप फ्लोअरवरची सवय तिथं सगळ्यात महाग पडते. सगळ्यांसमोर ओरडलात की तो माणूस हसेल, मान डोलवेल, आणि त्यानंतर तुमचं एकही काम वेळेवर होणार नाही. बाजूला घेऊन हळू सांगा.

शाकाहारी लोकांना "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण भाजीतही मासळीचा सॉस पडतो. म्हणायचं "माय साय नाम प्ला", मासळीचा सॉस नको, आणि "माय साय नाम मान होय", कालवांचा सॉस नको. त्यापेक्षा सोपा शब्द म्हणजे "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात हा शब्द दिसला की त्या गाडीवर मांस, मासे, अंडं, दूध काहीच नाही, वर कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणारी माझी आई दोन महिने आली होती, ती तिथं बिनधास्त जेवायची. ऑक्टोबरच्या सुमारास नऊ दिवस हा "किन जे" सण असतो, तेव्हा चैनच.

गणपती तिथंही आहे, त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, बँकॉकला सिलोममध्ये मारीअम्मनचं देऊळ आहे, नवरात्रात मोठी मिरवणूक निघते. किराणा बँकॉकच्या फाहुरातला मिळतो, गोडा मसाला मात्र घरूनच न्यावा लागतो.

औषधं नेताना चिठ्ठी आणि मूळ पाकीट ठेवा. झोपेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडोलसारखी जोरदार वेदनाशामकं यावर तिथं कडक नियंत्रण आहे, आधी परवानगी काढावी लागू शकते, आई-वडिलांना नेताना त्यांच्या पिशव्या तपासा.

गाडी

रस्ता आपल्यासारखाच डावीकडून, त्यामुळं माणूस पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर टू-व्हीलर नसेल तर पोलिसांचा दंड राहू द्या, अपघात झाला की इन्शुरन्स हात वर करतो आणि हॉस्पिटलचं बिल लाखांत जातं. कायम राहणार असाल तर थाई लायसन्सच काढा, वर्क परमिट किंवा राहण्याचा दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, रंग ओळखणं, ब्रेकची रिअ‍ॅक्शन अशा टेस्ट होतात. पहिलं दोन वर्षांचं, नंतर पाच वर्षांचं. दुचाकी-चारचाकी वेगवेगळी. हेल्मेट नसेल तर २,००० बाटपर्यंत दंड आहे, मागच्यालाही. फुटपाथची कड लाल-पांढरी असेल तर गाडी लावायची नाही, पिवळी-पांढरी असेल तर माणूस उतरवण्यापुरती थांबवायची.

फोनमध्ये हे नंबर टाका: पोलिस १९१, अ‍ॅम्ब्युलन्स १६६९, आग १९९, टुरिस्ट पोलिस ११५५ (इंग्रजी बोलतात), इमिग्रेशन ११७८. आपली एम्बसी बँकॉकला सुखुमवित सोई २३ मध्ये.

नोकरी सोडताना

हे कुणीच सांगत नाही म्हणून शेवटी लिहितो. नोकरीवरची मुदतवाढ नोकरीला बांधलेली असते. शिक्क्यावर तारीख सहा महिने पुढची असली तरी शेवटचा कामाचा दिवस हाच तुमचा राहायचा शेवटचा दिवस, बायको-मुलांचाही. त्याच दिवशी इमिग्रेशनला जाऊन १,९०० बाट भरले तर सामान आवरायला सात दिवस मिळतात. म्हणून राजीनाम्यावर तारीख टाकायच्या आधी पोरांच्या शाळेचं वर्ष, घराचं डिपॉझिट, बँक, विमानाचं तिकीट हे सगळं जुळवून मगच ती तारीख लिहा, आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद एचआरकडून हातात घ्या. आम्ही निघालो तेव्हा शेवटचा दिवस शुक्रवार होता, सकाळी कंपनी, दुपारी इमिग्रेशन, आणि संध्याकाळी ती आंबेवाली मालकीणबाई डिपॉझिटचं पाकीट आणि पोरीसाठी चिकट भाताचा डबा घेऊन स्वतः दारात आली.